पहिल्या धारेचा चीक

१० नोव्हें., सोम.
गुडघा आज बरा. कपडे वाळत घालताना समोर नंदाच्या गोठ्यात जनावरांचे डॉक्टर दिसले, म्हणून पायात चपला सरकवून गेले. तांबडीची कास उतरली आहे. आठवड्या-दहा दिवसांत व्यायची.
डॉ. तरुण आहे. गोठ्यात इस्त्रीचा शर्ट! पण बोलला नीट. नंदाला म्हणाला, वासरू जन्मलं की दोन तासांच्या आत चीक पाजायचा. जीभ ओली करण्यापुरता नाही. दोन लिटर, आणि संध्याकाळी पुन्हा. नंदा मान हलवत होती. तिची सासू भागूबाई खांबाला टेकून मिश्री लावत होत्या.
"आन् जार?" त्यांनी विचारलं.
"वासरामागून पडेल तेव्हा पडेल, आजी. त्याच्यासाठी पाजायचं थांबवू नका."
भागूबाई उठून बाहेर गेल्या आणि थुंकून आल्या. उत्तर झालं.
गेल्या वर्षीची कालवड एकोणिसाव्या दिवशी हगवणीने गेली. नंदा चार दिवस धड जेवली नव्हती. तांबडी तिच्या माहेरची, वडिलांनी दिलेली. नवऱ्याने आता सांगून ठेवलंय, हेही वासरू जगलं नाही तर गाय विकून टाकू, नुसतं शेण कोण काढत बसणार. हे नंदाने मला सांगितलं ते ओट्याशी पाठमोरी उभी राहून.

११ नोव्हें., मंगळ.
डॉ.ने दिलेली पुस्तिका नंदाकडून मागून आणली. चोवीस पानं, त्यात शुद्धलेखनाच्या चुका असंख्य. मजकूर मात्र खरा.
माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच तिच्या रक्तातली प्रतिपिंडं मिळतात. गाईच्या पोटात तसं होत नाही, तिची वार, म्हणजे भागूबाईंचा जार, प्रतिपिंडं पलीकडे जाऊच देत नाही. वासरू जगात येतं ते रिकाम्या हातानं. गोठ्यातला प्रत्येक जंतू त्याला नवा. आईने आयुष्यभरात जमवलेलं सगळं असतं ते चिकात. आणि वासराचं आतडं पहिले काही तास एवढी मोठी प्रथिनं न मोडता, अख्खी, रक्तात घेतं. मग ते घेणं तासातासाने कमी होत जातं. दिवस पुरा झाला की बंद. त्यानंतर बादलीभर चीक पाजा, तो नुसता पचतो. अन्न होतं, राखण होत नाही.
अठ्ठावीस वर्षं नववीला प्रतिपिंडं शिकवली. व्याख्या लिहा, दोन गुण. मळवलीत येऊन सहा वर्षं झाली, गोठा माझ्या खिडकीतून दिसतो. एकदाही डोक्यात आलं नाही.

१२ नोव्हें., बुध.
भांडण झालं.
दुपारी पुस्तिका परत द्यायला गेले. भागूबाई भात पाखडत होत्या. म्हटलं, समजावून सांगावं. चांगलं अर्धा तास सांगितलं. त्यांचं एकच. जार पडल्याबिगर सडाला हात लावायचा न्हाई, जार वर चढतो. जार पडला की पहिली धार वाघजाईला, मग चार घरी डबे. वासराला संध्याकाळी, ते पण थोडकं. "लय चीक प्यालं की हागतं."
मी म्हणाले, "वर कुठे चढतो, भागूबाई? डोक्यात? हा शुद्ध अडाणीपणा आहे."
नंदा दारात उभी होती. तिच्यासमोर म्हणाले.
भागूबाईंनी सूप खाली ठेवलं. "व्हय. अडानीच हाय मी. तुमी शिकल्याल्या. तुमच्या दारात किती गाई हायेत, बाई?"
चहा न घेता परत आले. म्हणजे, विचारला नाही.
त्यात नंदा फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, बंगल्यातल्या मॅडमनी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी चीक सांगून ठेवलाय, वेळेत व्याली तर. ती तिथे झाडलोट करते, नाही कशी म्हणणार. माझं डोकंच फिरलं. वासराच्या तोंडचं काढून या लोकांच्या वाट्या भरायच्या! दोन दिवस गावात येणार, लेण्यांसमोर फोटो काढणार, आणि खरवस मात्र "अस्सल" हवा. नंबर दे म्हटलं.

१३ नोव्हें., गुरु.
मॅडमना फोन केला. आधी सहा वाक्यं कागदावर काढून ठेवली होती. दुसऱ्या वाक्यालाच त्या म्हणाल्या, "अय्या, असं असतं का? मला माहीतच नव्हतं. मग नको ना! आम्ही गुलाबजाम आणू." आणि आभारही मानले.
उरलेल्या चार वाक्यांचं काय करायचं? दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

१५ नोव्हें., शनि. सं. ७
क्रमाने लिहिते.
नंदा सकाळी सहालाच बंगल्यावर गेली, पाहुणे आलेले. तांबडी आज व्यायची चिन्हं नव्हती म्हणे. मी बारा वाजता भाजी घ्यायला निघाले तर गोठ्यात तांबडी उभी, आणि खाली गवतावर कालवड. अंग चाटून वाळलेलं. म्हणजे बराच वेळ झालेला. जार अजून लोंबत होता. भागूबाई शेजारी बसलेल्या.
"कधी व्याली?"
"सकाळी."
"सकाळी म्हणजे किती वाजता?"
"शाळा हाय का ही?" मग, "सातची लोकल गेली तवा."
पाच तास! "काही पाजलंत?"
"जार कुटं पडलाय."
"आणि मला हाक का नाही मारली? मी तर समोरच होते."
"अडानी मानसाला कुटं सुचतं."
हे मी ऐकून घेतलं. पण गप्प बसले असते तर मी कसली! म्हणाले, पहिल्या धारेवर हक्क वासराचा आहे, तुमचा नाही, वाघजाईचा नाही, बंगलेवालीचा तर नाहीच नाही.
भागूबाई मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "आन् तुमचा? गेल्या साली पयल्या धारेचा डबा मी स्वतः आनून दिल्ता तुमाला. तवा न्हाई इचारलंत, वासरू प्यालं का म्हून."
मी कासेकडे वळले.
मला धार काढता येत नाही. नंदाला फोन लावला तर तो त्यांच्याच घरात वाजला, चार्जिंगला लावून गेलेली. बंगल्यापर्यंत चालत गेले, गुडघ्यासकट. नंदा हातातली भांडी तशीच ठेवून निघाली. मॅडम "जा जा" म्हणाल्या, आणि मला पाणी विचारलं. परत पोचायला पावणेदोन झाले. डॉ.ना रस्त्यातूनच फोन केला. म्हणाला, "जार असू दे, धार काढा. सड ओढले की उलट तो सुटायला मदत होते. ताबडतोब पाजा."
नंदा कासेशी आली आणि थांबली. अठरा वर्षांत सासूच्या शब्दाबाहेर गेलेली नाही.
"आत्या, बसू का?"
"मला काय इचारती? बाईंना इचार."
नंदा बसली. पहिल्या धारा भांड्यात पडल्या, पिवळ्याजर्द, मधासारख्या दाट. बाटलीत भरून मी पाजायला गेले. कालवडीने तोंडच उघडेना. सगळं हनुवटीवरून गवतात. नंदाने जबडा धरला, मी बाटली तिरपी केली, कालवडीने मान टाकली. दोन वाजून गेलेले. पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं.
"सरका," भागूबाई म्हणाल्या.
बाटली बाजूला ठेवली. मांडी घालून बसल्या, वासराचं डोकं मांडीवर घेतलं, दोन बोटं चिकात बुडवून त्याच्या टाळूला लावली. एकदा. दोनदा. सात-आठदा. ओठ हलले. मग बोटं तशीच तोंडात ठेवून हात हळूहळू भांड्यात उतरवला. वासराचं तोंड मागोमाग खाली आलं. घुटका ऐकू आला.
बाटली कितीही वेळा धरली असती तरी मला हे जमलं नसतं.
दीड लिटर प्याली. सव्वाचारला जार पडला, खालीच. नंदा हसायला घाबरत होती. भागूबाई म्हणाल्या, "पडायचाच व्हता." नंदाने खड्डा करून पुरला. साडेसहाला पुन्हा एक लिटर.
वाघजाईला आज काही गेलं नाही. घरोघरी डबेही नाहीत.
पहिला घोट सात तासांनी. आतडं किती उघडं होतं तेव्हा? अर्धं? पाव? डॉ.ला विचारलं. रक्त तपासून कळतं, पण इथे ती सोय नाही. म्हणाला, "दोन-तीन आठवड्यांत आपोआपच कळेल." फार समजूतदारपणे म्हणाला.
दोन तासांच्या आत हाक आली असती, मी बुधवारी तोंड आवरलं असतं तर.

१६ नोव्हें., रवि.
लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिना झोपण्याआधी दोन ओळी लिहून घ्यायच्या. आज काय केलं, काय करायचं राहिलं. तिथूनच ही वह्यांची सवय. आज गेल्या वर्षीची वही काढली. भागूबाईंचं म्हणणं खोटं ठरेल अशी आशा होती, हेही लिहून ठेवते.
सापडलं. जसंच्या तसं उतरवते.
"२२ ऑक्टो. तांबडी पहाटे व्याली, कालवड. भा.बाई दहाला डबा घेऊन. पहिल्या धारेचा, सोन्यासारखा. वेलची, जायफळ. अप्रतिम जमला, सुरीने वड्या पडल्या. नंदाला आधीच बजावलं होतं, दुसऱ्या दिवशीचा देऊ नकोस, तो घट्ट होत नाही. डबा रिकामा देऊ नये म्हणून गूळ घालून दिला."
पुढे अठरा दिवस कालवडीचं नावही नाही. मग,
"९ नोव्हें. नंदाची कालवड गेली. या लोकांना निगा राखता येत नाही."
शाई निळी. अक्षर वळणदार.
जेवले नाही.

१७ नोव्हें., सोम.
वही घेऊन गेले. भागूबाई उन्हात बसल्या होत्या, कालवड जवळ बांधलेली. उभ्यानेच दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. शेवटचं वाक्यही. नंदा आत होती, भाकरी थापायचा आवाज थांबला.
वाटलं होतं, म्हणतील, जाऊ द्या बाई, तुमी थोडाच मागितला व्हता. तसं नाही म्हणाल्या.
"व्हय. मागितला व्हता तुमी. पन देनारी मीच ना."
बसले. दगडावर, गुडघा दुखेपर्यंत.
मग त्या बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. माहेरच्या ढवळीचं वासरू. मोरीची कालवड. मोरीचा पहिला गोऱ्हा. दुष्काळात घेतलेल्या गाईची दोन. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताला सुरुवात केली आणि थांबल्या.
"समदी हागूनच गेली, बाई. आमी म्हनायचो दिस्ट लागली. माझ्याच हातनं म्हना की."
"सगळीच त्याने गेली असतील असं नाही," मी म्हणाले. खरंही आहे. पण त्यांनी ऐकल्याचं दिसलं नाही.
नंदा चहा घेऊन आली. आज विचारलं नाही, सरळ आणलाच.

१८ नोव्हें., मंगळ.
सकाळी भागूबाई फाटकात. हातात तोच कडीचा डबा. "वासराचं पोट भरून उरलाय. त्येच्या तोंडचा न्हाई. घ्या."
चौथ्या दिवसाचा. पातळ, फिका. घेतला. ओट्यावर ठेवून अर्धा तास त्याच्यासमोर बसले. पुस्तिकेत एक ओळ आहे, आतडं बंद झाल्यावरही चीक आतल्या बाजूने काही दिवस पोटाला राखतो. उचलला आणि परत घेऊन गेले. म्हटलं, हाही तिलाच पाजा.
"भरला डबा परत कुनी आनतं व्हय?"
"मी आणते."
"शिकल्याली मानसं," त्या नंदाला म्हणाल्या, "डोकं फिरलं की असं व्हतं बघ." नंदा पदर तोंडाला लावून हसत होती. मीही.
गूळ मात्र दिला. वेगळा बांधून.

२२ नोव्हें., शनि.
आठवा दिवस. नाळ वाळली. उड्या मारते. तांबूस, कपाळावर ठिपका. नाव अजून ठेवलेलं नाही. नंदा म्हणाली, बघू. भागूबाई म्हणाल्या, "महिना झाल्याबिगर नाव न्हाई." गेल्या वर्षीच्या कालवडीचं नाव ठेवलं होतं का, आठवत नाही. वहीत नाही.
बंगलेवाल्या मॅडम आज वासरू बघायला आल्या. एक दुलई आणली, खरी लोकरीची. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं होतं!

२३ नोव्हें., रवि.
काही नाही. दोनदा जाऊन आले.

२७ नोव्हें., गुरु.
तेरावा. थंडी वाढली. गावात कुणाची तरी गाय व्याली, भागूबाई स्वतः तिथे जाऊन आल्या. काय सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगायचं. म्हनलं, आधी वासराला पाजा. म्हनाले, म्हातारे, तूच शिकवलंस ना गं, जार पडल्याबिगर न्हाई म्हून." मग बराच वेळ मिश्री लावत बसल्या.
"पाजलं का त्यांनी?"
"काय म्हाईत."

१ डिसें., सोम.
सतराव्या दिवशी शेण पातळ. पिवळं.
डॉ. आला. ताप नाही, डोळे आत गेलेले नाहीत. मीठ-साखरेचं पाणी दिवसातून तीनदा, दूध बंद करायचं नाही, अंग गरम ठेवा. "या वयात बऱ्याच वासरांना होतं. लढायला आत काही असेल तर निभावेल." माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, एकच लक्षात ठेवा. शेण पातळ असलं तरी चालेल. चोखायचं थांबली तर मात्र लगेच फोन."
नंदाचा नवरा पाळीवरून आला, गोठ्यात डोकावून घरात गेला. नंदा गोठ्यातच बसून होती. दुलई अंगावर कालवडीच्या, नंदाच्या नाही.

२ डिसें., मंगळ.
अठरा. तसंच. दुपारी उभी राहायला दोनदा धडपडली, तिसऱ्यांदा उभी राहिली. मीठ-साखरेचं पाणी मी मोजून कालवते, तेवढं तरी मला येतं. भागूबाई पाजतात.
आज त्यांनी मला जवळ बसवलं. "बोट असं न्हाई, बाई. नख खाली. टाळूला लावा, जिभेला न्हाई. घाई करू नका, तिला वडू द्या." माझं नख मोठं म्हणून तिथेच कापायला लावलं. कॉन्व्हेंटात दर सोमवारी नखं तपासायचे, त्यानंतर आजच.

३ डिसें., बुध.
एकोणीस.
उजाडताच गेले. दव पडलेलं, चपला भिजल्या. नंदा आधीच गोठ्यात. रात्री दोनदा पातळ झालं म्हणाली. भागूबाई वाघजाईला गेल्या आहेत, रिकाम्या हातानं, नुसत्या पाया पडायला.
कालवड पडून. कान गार. तांबडी दाव्याला ओढ देऊन बघत होती.
"बाई, आत्या यायला वेळ हाय. तुमी बघता?" नंदा म्हणाली. तिचे स्वतःचे हात पदरात गुंडाळलेले.
मांडी घालून बसता येत नाही मला. बसले. डोकं मांडीवर घेतलं, जड होतं. बोटं पाण्यात बुडवली, नख खाली, टाळूला लावली. काही नाही. पुन्हा लावली. नंदा बघत नव्हती.
पाचव्यांदा जीभ हलली. बोटांभोवती गुंडाळली गेली, खरखरीत, गरम. आणि ओढलं.
फार जोर नाही. पण ओढते आहे. हात भांड्यात उतरवते आहे, भागूबाई उतरवतात तसा, सावकाश.

(वही गोठ्यातच आणली होती. एवढं डाव्या हाताने लिहिलं आहे. उजवा अजून तिच्या तोंडात.)